मध्येच थांबवलेली गोळी

बी.एस्सी. झाल्यावर सोलापुरातल्या एका इस्पितळात मला पहिली नोकरी लागली. वडील होटगीला रेल्वेत होते, गँगमन. मुलगी दवाखान्यात लागली हे ते येईल त्याला सांगायचे. पण दवाखान्यात नेमकं काय करते, ते त्यांना सांगता यायचं नाही. मला तरी कुठं यायचं? नर्स नव्हते, कंपाउंडर नव्हते. संधिवाताच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि तिचे कागद सांभाळायचे, हे माझं काम. साल सत्तरच्या दशकाच्या मधलं कुठलं तरी. मोठ्या दुष्काळातून लोक नुकते कुठं सावरले होते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवलं. पन्नाशीचे, सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ. कपाटात सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांच्या रांगा होत्या. आत पांढऱ्या गोळ्या, वर फक्त नंबर.

"यातल्या निम्म्या बाटल्यांत नवी गोळी आहे," ते म्हणाले, "निम्म्यांत जुनीच, आपण रोज देतो ती. कुणाला कुठली जाते ते पेशंटला माहीत नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मला कळलं तर माझेच डोळे मला फसवतील. नवी गोळी घेणारा जरा बरा दिसला की मी त्याला खूप बरा लिहीन."

मी विचारलं, नवी गोळी चांगली असेल तर ती सगळ्यांनाच का देत नाही? ते हसले नाहीत. म्हणाले, "चांगली आहे हे अजून कुणाला ठाऊक आहे? तेच तर बघायचंय. कदाचित जुनीच बरी निघेल."

कुणाला कुठली गोळी हे नाणं उडवावं तसं ठरवून, बंद पाकिटांत घालून मुंबईला ठेवलेलं होतं. हीच चाचणी आणखी काही शहरांत चालू होती. मुंबईत तीन माणसं अशी होती की ती एकाही पेशंटला कधी भेटत नसत. अधूनमधून सगळीकडचे कागद मागवायचे, पाकिटं उघडून दोन्ही बाजू ताडून बघायच्या आणि पुढं चालू द्यायचं की थांबवायचं ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. नवी गोळी उघडच सरस निघाली तरी थांबायचं, कारण मग बाकीच्यांना तिच्यापासून लांब ठेवणं बरं नाही. तिनं अपाय होतोय असं दिसलं तर थांबायचंच. आणि कितीही दिवस चालवली तरी काहीच फरक कळणार नाही असं दिसलं, तर लोकांना उगाच कशाला सुया टोचायच्या? हे सगळं पहिली गोळी द्यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलेलं होतं. "एकदा सुरू झालं की प्रत्येकाला मोह होतो," डॉक्टर म्हणाले.

प्रत्येक नवीन पेशंटला ते हे सगळं सांगायचे. मराठीत, लागलं तर मोडक्या कानडीत. नको असेल तर नाही म्हणा, उपचार थांबणार नाहीत, असंही सांगायचे. लोक मान हलवायचे. किती समजायचं देव जाणे. डॉक्टरांचा 'ट्रायल' शब्द मोडून पेशंट त्या गोळीला 'टायलची गोळी' म्हणायचे.

माझं मोजमाप साधं होतं. रक्तदाब बघायच्या यंत्राची पिशवी गुंडाळायची, थोडी हवा भरायची आणि पेशंटच्या मुठीत द्यायची. त्यानं दाबली की पारा किती चढतो ते लिहायचं. मग सोनाराकडे असतात तशा मापाच्या कड्या बोटांच्या सांध्यांवर चढवून बघायच्या. सूज उतरली की लहान कडी चढते. शेवटी रक्त. दर पंधरा दिवसांनी बोटाला सुई टोचून पेशी मोजायच्या होत्या. कुणालाच ते आवडायचं नाही.

वळसंगची एक बाई यायची. तिला मी अव्वा म्हणायचे. घरी कानडी, बाजारात मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम. पहिल्यांदा आली तेव्हा बोटं आत वळलेली होती, मनगटं सुजलेली. मुठीत पिशवी दिली तर पारा जेमतेम हलला. सुनेनं तिची वेणी घातलेली, सुनेनंच लुगडं नेसवलेलं. ते मला दिसलं म्हणून ती ओशाळली.

"भाकरी थापाय येत न्हाय पोरी," ती म्हणाली. "सून करतीया. चांगली करतीया. पर मला आयतं खायाला लाज वाटती की."

दोन महिन्यांत पारा चढायला लागला. तिसऱ्या महिन्यात तिनं माझ्यासमोर स्वतःचा आंबाडा सोडला, परत घातला आणि म्हणाली, "लिव हे." लिहायला रकाना नव्हता. मी कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं.

दुसरा एक पेशंट होता, गिरणीतला निवृत्त जॉबर, म्हणजे मुकादम. गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. आला की बाकावरच्या सगळ्यांना ऐकवायचा, "मला नवीच गोळी हाय. आतून कळतंय." गुडघ्यात थंडगार वाटतं म्हणायचा. मोजमापातही थोडा सुधारला होता. मला मनातून खात्री होती की अव्वाला जुनी गोळी आहे आणि जॉबरला नवी. का, ते सांगता येणार नाही. तिला काही नवं मिळेल, असं तिच्याकडे बघून वाटायचं नाही, इतकंच.

माघात ज्वारीची काढणी सुरू झाली आणि अव्वा एका खेपेला आली नाही. सुनेबरोबर निरोप आला: रानात काम हाय, गोळ्या द्या, रगत फुडल्या बारीला. रक्त तपासल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत असा नियम होता. सून एवढ्या लांबून आलेली, दारात उभी. मी बाटली दिली. कागदावर लिहिलं, 'पुढील वेळी'. डॉक्टर त्या दिवशी वॉर्डात होते. मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी सकाळी मुंबईहून ट्रंककॉल आला. डॉक्टर बराच वेळ नुसते ऐकत होते. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"थांबवलं," ते म्हणाले. "आजपासून कुणालाही गोळी नाही. दिलेल्या सगळ्या बाटल्या परत आणायच्या."

"गुण येत नाही म्हणून?"

"गुण येतोय. काहींना चांगलाच येतोय. पण दुसऱ्या शहरात काही पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत चालल्यात. रोग अंगात शिरला की त्याच्याशी लढतात त्या याच. त्या संपल्या तर साधं घसा दुखणंसुद्धा जिवावर बेतू शकतं. आणि पेशंटला काही कळत नाही. सांधे मोकळे झालेले असतात, तो खुशीत असतो."

मी यादी काढली. अव्वाच्या नावापुढं माझं ते 'पुढील वेळी' दिसलं. डॉक्टरांना सांगितलं. ते कागदाकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"शहरातल्यांकडे मी माणूस पाठवतो. जेऊरच्या पेशंटना तार करतो. तुम्ही आधी वळसंगला जा."

अक्कलकोटच्या रस्त्याला लागलेली एस.टी. नेहमीसारखीच चालली होती, पण मला ती चालतच नाही असं वाटत होतं. वळसंगला उतरून घर विचारत गेले. अव्वा घराशेजारच्या खळ्यावर कणसं पसरत होती. उभी राहून, दोन्ही हातांनी. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलीस व्हय! बघ. उपटली की ज्वारी या हातानं. चार दिस उपटली."

तिनं तळहात पुढं केले, मी ते धरले. धाटांनी सोललेले, भेगाळलेले, आणि सरळ. बोटं अशी सरळ मी पहिल्यांदाच बघत होते. त्या हातांसमोर मला बाटली मागायची होती.

आत जाऊन बसलो. सुनेनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी मला सांगितलं तसं. पेशी, दुसरं शहर, मुंबईची माणसं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बंद होत गेला.

"बेड," ती म्हणाली. कानडीतलं 'नको'. मग मराठीत, "देणार न्हाय."

"अव्वा, ती गोळी धोक्याची आहे."

"त्यास्नी आसंल धोक्याची. मला लागू पडलीया. ती मानसं मला कुटं बघाय आलती? हितं येऊन माजं हात बघा म्हणावं."

"ते कुणालाच बघत नाहीत. म्हणूनच त्यांना सगळ्यांचं एकदम दिसतं."

"मग माजं येकटीचं कोन बघायचं?"

कोनाड्यात, देवाच्या तसबिरीशेजारी बाटली होती. उठून घेता आली असती, पण तसं करावंसं वाटलं नाही. सून दारात उभी राहून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

मग अव्वा सुनेला कानडीत काहीतरी म्हणाली आणि तिचा आवाज मध्येच फाटला. तिनं गळ्यावर हात ठेवला.

"घसा दुखतोय?" मी विचारलं.

"खळ्यावरची धूळ. दोन दिस झालं."

"गिळायला त्रास होतोय?"

सूनच म्हणाली, "काल भाकरी गेली न्हाय घशाखाली. रातच्याला आंग बी तापलं हुतं."

मी अव्वाचा हात परत हातात घेतला. कढत होता. खळ्यावर तो उन्हानं तापला असेल असं समजून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मला रडू फुटलं. नोकरीत शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"अव्वा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मागच्या खेपेला तुझं रक्त बघितल्याशिवाय मी बाटली दिली. द्यायला नको होती. आता तू आली नाहीस तर मी इथून हलणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे. शेवटी म्हणाली, "रडू नगंस. येती." बाटली तिनं स्वतः कोनाड्यातून काढली. माझ्या हातात न देता आपल्या कनवटीला खोचली आणि थेट डॉक्टरांसमोर जाऊन काढली.

डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली. एकदा मोजलं, परत मोजलं. पांढऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या होत्या. तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं, पेनिसिलिन सुरू केलं. सुनेला दारातूनच बघू द्यायचे. आठवडाभर ताप चढत-उतरत होता. रोज सकाळी मी रक्त घेऊन जायचे आणि काचेवरचा आकडा ऐकायला उभी राहायचे. दुसऱ्या आठवड्यात पेशी वाढायला लागल्या. ज्या दिवशी तिनं अंबिलीची वाटी संपवली, त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता जगेल."

गोळी बंद झाली होती. तापाची भीती गेली तशी बोटांची सूज परत आली. खाटेवर बसून ती हातांकडे बघत राहायची. वाटी धरायला दोन्ही मनगटं लावायला लागली. सुनेनं पुन्हा तिची वेणी घालायला सुरुवात केली, तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन थांबले.

पुढं पाकिटं उघडली. अव्वाला नवी गोळी होती. जॉबरला जुनी, आम्ही वर्षानुवर्षं देत होतो तीच. डॉक्टरांनी त्याला सांगितलं तेव्हा तो रुसला. "मग मला थंड वाटत होतं ते काय?" डॉक्टर म्हणाले, "वाटत होतं ते खरंच. पण ते गोळीनं नव्हे, तुमच्या भरवशानं." तो काठी आपटत निघून गेला. पुढल्या महिन्यात मात्र आला, तीच जुनी गोळी मागायला.

माझी चूक डॉक्टरांनी मलाच लिहायला लावली. अहवालासोबत जाणाऱ्या कागदावर, जशी घडली तशी, सबबी न जोडता. तीन वेळा फाडून चौथ्यांदा जमलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. वडिलांना मात्र मी हे कधीच सांगितलं नाही.

अव्वा नंतरही दर महिन्याला यायची, जुन्या गोळ्यांसाठी. त्यांनी दुखणं थोडं कमी व्हायचं, हात चालायचे नाहीत. माझ्यावर राग धरलाय असं दिसलं नाही. राग नव्हताच, असंही म्हणवत नाही. एकदा बाकावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "माजं लिवलंस का त्या मुंबईच्या कागदात?"

"लिहिलं की."

"काय लिवलंस? ताप आला, मराय टेकली, इतकंच?"

"हात सुधारले तेही लिहिलं. पारा किती चढला ते."

"पाऱ्याचं काय घिऊन बसलीस? ज्वारी उपटली, ते लिवलंस?"

ते लिहिलं नव्हतं. आंबाड्याचंही कडेलाच राहिलं होतं, मुंबईला गेलेल्या नकलेत ते आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. वळलेली बोटं माझ्या पेनाकडे करून ती म्हणाली, "मग आता लिव की."

कागद केव्हाच गेले होते, चाचणी बंद झाली होती, हे मला माहीत होतं. तरी मी वही उघडली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिल्या दिवशी किती वाफे झाले, दुसऱ्या दिवशी सून कशी मागं पडली, सांजच्याला हात कसे ठणकत होते आणि ते ठणकणं कसं चांगलं वाटत होतं. मध्ये एकदा ती थांबली आणि माझं लिहून होईपर्यंत वाट बघत बसली.