मैत्रीण नंबर तीनचं एक वाक्य

भोरात राहून शूटिंगवाल्यांना माणसं पुरवायचं काम करा, किश्श्यांना तोटा नाही. एक सांगायला घ्यावा तर मागे चार उभे! पण या एका सिनेमाचा किस्सा सांगताना अजून माझं डोकं तापतं.

सिनेमा बंडखोर पोरींचा. बाप शाळा सोडायला लावतो म्हणून घरातून पळालेली हिरॉइन आणि तिला लपवणाऱ्या तीन मैत्रिणी. दिग्दर्शकसाहेब म्हणाले, "ताई, अस्सल मातीतल्या मुली हव्यात. सगळ्यांना प्रतिनिधित्व!" मी हिर्डोशीची सारिका आणली. अकरावीतली, तोंडाने फटकळ. तिच्या भूमिकेला नावसुद्धा नव्हतं. मैत्रीण नंबर तीन!

*

पहिल्याच दिवशी मुंबईच्या हिरॉइनला 'गावाकडची' दिसावी म्हणून काळं रंगवणं चाललं होतं. तेवढ्यात कॅमेरामन सारिकाला म्हणाला, "तू मागे उभी राहा. फार काळी दिसतेस."

"मग तिला रंगवताय कशाला? मी आयतीच काळी हाय की!"

मेकअपवाल्याचा ब्रश हातातच राहिला.

*

हिरॉइनने मार्गासनीच्या स्टॉपवरून एसटीने पळून जायचं, असा सीन. सारिका हसायलाच लागली.

"सर, एसटीनं कोण पळतंय? कंडक्टर वळखीचा असतो. तिकीट फाडायच्या आदी घरी फोन लावंल!"

"मग तुमच्याकडे कशा पळतात?"

"चालत! शाळंला बी आमी चालतच जातो."

सीन बदलला. 'कल्पना सुचली' म्हणून टाळ्या साहेबांना.

*

चॅनेलवाले मुलाखतीला आले. साहेब रंगात आले, "खेड्यातल्या प्रत्येक मुलीला मी आवाज दिलाय!" पोरी मागे उन्हात उभ्या.

सारिका पुढे आली. "सर, मला एकच वाक्य हाय. त्ये तरी माज्या बोलीत म्हनू का?"

कॅमेरा चालू. साहेब काय म्हणणार? "हो, हो, म्हण ना!"

*

सारिकाच्या वडिलांचा शूटिंगला विरोध. "तितं मागं उभं ऱ्हायला जाती व्हय?" असं ते म्हणाले होते. ही भांडून आलेली. "माजा आवाज गावाला ऐकवीन, मग बोला," म्हणाली होती.

तिचा सीन आला. बाप हिरॉइनला ओढून न्यायला येतो, मैत्रीण दारात आडवी येते. कागदावर होतं, "काका, ती येणार नाही."

सारिकाने कमरेवर हात ठेवले. "न्हाई यायची ती! जावा तुमी घरी!"

बापाचं काम करणारा नट खरोखरच मागे सरकला. मला तर रडूच फुटलं.

*

सिनेमा भोरला लागला. पहिल्या खेळाला आम्ही दोघीच गेलो. पडद्यावर सारिकाचं तोंड हललं, आवाज मात्र पुण्याच्या कुणा मुलीचा. गोड, नाजूक! "काका, ती येणार नाही."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "ताई, तिचं बोलणं शहरात कळलं नसतं हो," म्हणाले. अस्सा संताप आला! घरी गेल्यावर सारिकाने वडिलांना सगळं सांगितलं, आपलं खरं वाक्यही म्हणून दाखवलं.

रविवारी हिर्डोशीहून टेम्पो भरून माणसं आली. बाया, पोरी, म्हातारे. सारिकाचे वडीलही आले. सीन आला. बाप दाराशी आला. सारिकाने पडद्यावर तोंड उघडलं आणि सगळं थिएटर एका दमात ओरडलं,

"न्हाई यायची ती! जावा तुमी घरी!"

सगळ्यात मोठा आवाज तिच्या वडिलांचा होता.