रिकामी फेरी

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखली आणि रिटायर झाल्यावर तीच सवय घरी आणली. डेपोत त्यांना सगळे मिनिटराव म्हणायचे. मी तोंडावर म्हणत नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

डेपोत दोन नियम होते. नवा मार्ग सुरू करण्याआधी वेळ मोजायला प्रवाशांशिवाय एक रिकामी फेरी मारायची, आणि पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला की फेरी रद्द. बसला ठीक आहे हो. भाऊजींनी ते सहलीला लावले. चार वेळा ताईने बॅग भरली, चारही वेळा घरातल्या घरात मारलेल्या शेवटच्या रिकाम्या फेरीतही उशीर झाला आणि बॅग परत माळ्यावर गेली.

यंदाचा बेत तीन दिवसांचा, आग्नेय आशियातल्या एका बंदराच्या शहराचा. शहर ताईने निवडलेलं. ती शर्टांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, एकोणीस वर्षं खोक्यांवर त्याच बंदराच्या नावाचं लेबल चिकटवतेय.

"माझी खोकी जातात तरी कुठे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं.

तिकिटं काढली आणि फेऱ्या सुरू झाल्या. हॉल विमानतळ, पॅसेज विमान, बेडरूम हॉटेल, बाल्कनी बंदर. मला स्वयंपाकघराच्या दारात पासपोर्ट तपासायला उभं केलं. शिक्का म्हणून मी वाटी आपटायचे. मी फार लवकर सोडते, खरे अधिकारी प्रश्न विचारतात, अशी भाऊजींची तक्रार. म्हणून विचारलं, येण्याचं कारण? म्हणाले, सहल. मी म्हटलं, चेहऱ्यावरून वाटत नाही. ताई हसता हसता खालीच बसली. त्यात गेलेली चार मिनिटं भाऊजींनी लिहून घेतली.

आठव्या फेरीत बंदर साडेतीन मिनिटं उशिरा आलं. पाचाच्या आत! मला वाटलं, सुटलो एकदाचे.

निघायच्या दिवशी टॅक्सी नऊ वाजून दहा मिनिटांनी येणार होती. नऊला भाऊजींच्या लक्षात आलं की आतापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या बॅगेशिवाय झाल्या. आणखी एक हवी, सामानासकट. उशीर झालाच तर पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. ताईने मात्र नुसती मान हलवली.

पोचल्याची वेळ टिपायला भाऊजी स्टॉपवॉच घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. ताई बॅग ओढत माझ्यापाशी आली, पासपोर्ट उघडून धरला. मी वाटी आपटली. मग पॅसेजकडे वळायचं सोडून ती सरळ घराच्या दारातून बाहेर पडली. खाली टॅक्सीचं दार लागल्याचं मी ऐकलं आणि वाटी धरून तशीच उभी राहिले. चोरी करताना कोणाला एवढा आनंद होत असेल का, कोण जाणे.

थोड्या वेळाने भाऊजी आत डोकावले. "ही कुठे अडकली?"

"विमानतळावर निघालीय. खऱ्या."

त्यांनी धावत जाऊन एक चप्पल पायात घातली. मग स्टॉपवॉचकडे बघितलं. सात मिनिटं उशीर. मी म्हटलं, अहो, विमानाला चार तास आहेत, दुसरी टॅक्सी करा.

"पाचाच्या वर गेलं. माझी फेरी रद्द," म्हणाले आणि चप्पल काढून ठेवली. हे डोकं कुठल्या मातीचं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या वेळापत्रकाच्या कागदावर दहा वीसला बंदर होतं. भाऊजी दहा पंधरालाच बाल्कनीत जाऊन बसले. ठोक्याला ताईचा फोन आला, मीही शेजारी कान देऊन उभी राहिले.

"दिसली खोकी?" भाऊजींनी विचारलं.

"नाही हो. सगळा माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांत बंद असतो. एकही दिसत नाही."

मला वाटलं, आता हे म्हणणार, सांगत होतो ना. पण ते फोन धरून कठड्यापलीकडे बघत बसले.

"पेट्या मात्र कितीतरी आहेत," ताई म्हणाली. "यातल्या एखादीत असतील आपली."

कागदावर बंदराला पंचवीस मिनिटं दिलेली. ती संपल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, आता निघायला हवं.

"मी आज इथेच बसणारेय. बाजूची खुर्ची रिकामी आहे तुमची."

भाऊजींनी बाल्कनीतली खुर्ची जरा कठड्याकडे सरकवली आणि फोन कानाला लावून बसून राहिले. त्या दिवशी जेवायला सव्वा तास उशीर झाला, आणि जेवण रद्द झालं नाही.