बाहेरून आत बघायची वाट

मंचरच्या स्टँडवर होतो, तेव्हा नसीमआपाचा फोन आला. "भाऊ, शकील गेला वो..." एवढंच बोलली. जुन्नरचा शकील, माझा कॉलेजपासूनचा मित्र, तिचा धाकटा भाऊ. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपला. कळ आधीपासून येत होती म्हणे. गडी कुणाला बोललाच नाही!

शकील कर्नलचं काम करायचा. कर्नल म्हणजे संगणकाच्या तळाशी बसून सगळा कारभार हाकणारा प्रोग्रॅम. हल्ली एकाच मशीनमध्ये बंद खोल्यांसारखे कंटेनर करतात. प्रत्येकाला आपापला कन्सोल, म्हणजे लिहायचा-वाचायचा पडदा. आतलं काम अडकलं तर तो पडदा बाहेरून बघता यावा, अशी वाट शकील कर्नलमध्ये बांधत होता. जुन्नरात, आपाच्या घराच्या माडीवर बसून! चालतही होती ती, मी स्वतः पाहिलीय.

"मग पाठव की कर्नल सांभाळणाऱ्या लोकांना!" मी दर भेटीत डाफरायचो.

"थांब राव. नुसतं बघायचं दार वेगळं ठेवायचं का बघायचं-लिहायचं एकच, ते ठरंना. कर्नलमधी एकदा दार दिलं की लोक त्यावर संसार मांडत्यात. मग ते बुजवता येत न्हाई."

"अरे, चार जण चुका काढतील, तू सुधारशील."

"लई घाई तुला."

त्याचं खरं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. वर्षं गेली... बांधलेलं पाडायचा, पुन्हा बांधायचा. कुठल्या कोण परक्यांची एवढी काळजी, आणि स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जायला सवड नव्हती लेकाला. आजही त्याचा राग येतो, आणि राग आला की रडूच येतं.

परवा माडीवर गेलो. मशीन चालूच होतं, पडदा पासवर्ड मागत होता. आपा मागं उभी.

"उघडंल का वो भाऊ? तुमी तरी पाठवा त्याचं काम. कुठंतरी नाव लागू द्या त्याचं."

सुचतील ते शब्द टाकून पाहिले. नाही उघडलं. डिस्कही त्याच पासवर्डनं कुलूपबंद, आणि दुसरीकडे कुठं प्रत ठेवलेली नाही. अर्धवट काम बाहेर जाऊ नये म्हणून तो ठेवतच नसे.

"आमी बंद न्हाई केलं," आपा म्हणाली. "लाईट गेली की घरातले पंखे बंद ठेवतो. इन्व्हर्टरवर हे तेवढं चालू."

पासवर्डशिवाय ते चालू काय आणि बंद काय, सारखंच... पण हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

"राहू द्या चालू," मी म्हणालो.