ब तुकडीचा चंद्र

संगणकाच्या खोलीत शिरण्याआधी फ्लॉपीसर चपला काढत, हातपाय धूत आणि मगच पडदा सरकवून आत जात. देवळातसुद्धा माणूस इतक्या सोवळ्यात जात नाही. खोली म्हणजे आमची जुनी अडगळच. नव्वदच्या दशकात बोईसरच्या कुणा कारखानदाराने घिवलीजवळच्या आमच्या शाळेला एक संगणक दिला, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, यंत्राला कुंकू लावलं आणि तेव्हापासून आठवीची पोरं आत गेली की आधी नमस्कार करू लागली. कळफलकाला मात्र कुणी बोट लावायचं नाही. "बिघडेल!" सर ओरडत. आणि हे गृहस्थ एम.फिल. कशात करत होते? तर संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांनी स्वतःचं स्वतः शिकावं, यात.

सर जवळच्या पाम गावचे, बागायती वाडीवाले. शर्टाच्या खिशात कायम एक फ्लॉपी, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. उरलेल्या फ्लॉप्यांना खाऱ्या हवेत बुरशी धरते म्हणून त्या घरी आईच्या पापडाच्या डब्यात. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा म्हातारी माझ्याचकडे तक्रार घेऊन आली. "बाय, याच्या चकत्यांसाटी माजा डबा गेला. आता पापड कुटं ठेवू, याच्या डोक्यावर?" सर गंभीरपणे म्हणाले, "आई, ते ज्ञान आहे." म्हातारीने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

एम.फिल. अंगात आल्यापासून त्यांची भाषाही बदलली होती. पोरांना ते 'प्रयुक्त' म्हणायचे, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते. कुणी उनाडक्या केल्या की 'हा प्रयुक्त सहकार्य करत नाही.' मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायची. खडूने माखलेले माझे हात पाहून ते दयेने हसत आणि म्हणत, "बाई, खडूचा जमाना संपला."

मला संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. या माणसासारखं खडूने शिकवणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. भरती-ओहोटीचा धडा आला की ते वर्ग व्हरांड्यात काढायचे. एक पोर मध्ये उभं, ती पृथ्वी. तिच्याभोवती बाकीच्यांनी हात धरून फेर धरायचा, ते पाणी. आणि एकजण चंद्र. चंद्र बाहेरून फिरायला लागला की त्याच्या बाजूचं पाणी त्याच्याकडे झुकायचं, पलीकडचं पाणीही बाहेर ताणलं जायचं आणि उरलेल्या दोन बाजूंची पोरं आत दबायची. सर फरशीवर खडूने खुणा करत ओरडायचे, "आता चंद्र कुटं हाय? मंग घिवलीला पानी कुटं?" तेव्हा त्यांच्या तोंडी शुद्ध भाषा नसायची, प्रयुक्त नसायचे. चंद्र व्हायला पोरांची मारामारी चाले.

मग प्रबंधासाठी प्रयोग आला. आठवी अ संगणकावर शिकणार, आठवी ब जुन्या पद्धतीने, आणि शेवटी दोघांची चाचणी. मला वाटलं, ब तुकडीची चंगळ झाली. पण भिंतीपलीकडून ऐकते तो काय, सर पुस्तक नुसतं वाचून दाखवत होते. सुरात नाही, रागात नाही, पान संपलं की पुढचं पान. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं.

"सर, मुद्दाम वाईट शिकवताय?"

"बाई, फरक दिसला पाहिजे. फरकच नसेल तर प्रबंध कसला?"

अ तुकडीच्या पाठाच्या दिवशी पडद्यावर चंद्राचा ठिपका उमटला आणि वीज गेली. अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि शाळेत हे नेहमीचंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याइतका कुणी पाहिला नसेल. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली, येरझाऱ्या घातल्या, आणि शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी अ तुकडी व्हरांड्यात काढली. चंद्र फिरला, पाणी धावलं, नुसता कल्ला. ब तुकडी खिडकीच्या गजांना लटकून बघत होती. त्यांच्यात हर्षा होती, बोंबील सुकवणाऱ्या घरातली, आवाज खणखणीत.

"सर, आमी काय केलं? आमाला का नाय चंद्र करीत?"

"तुम्ही नियंत्रित गट आहात," सर म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला त्या क्षणी त्यांची इतकी शिसारी आली की त्यांच्या हातातला खडू काढून घ्यावासा वाटला.

चाचणीत अ तुकडीने बाजी मारली आणि श्रेय संगणकाला मिळालं. "आणि वीज गेल्याचं?" मी विचारलं. "तो बाह्य घटक, बाई. गाळला." प्रबंध दिवाळीआधी गेला आणि परीक्षा जवळ आल्या तेव्हा सरांना लांबच्या एका अध्यापक महाविद्यालयात जागा मिळाली. पोरांना कसं शिकवावं हे ते आता शिक्षकांना सांगणार होते, आणि त्यांच्यासमोर पुन्हा कधी एकही पोर येणार नव्हतं. निरोपसमारंभात तास होईतो बोलले, सगळं संगणकाविषयी.

एस.टी.पर्यंत पोचवायला मी गेले. खरं तर जायला नको होतं, तरी गेले. गाडी आली तसे सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ब तुकडीची भरती-ओहोटी राहिली आहे. तेवढं बघाल?"

"खडूचा जमाना संपला ना?" मी म्हटलं. ते खिशातल्या फ्लॉपीवर हात दाबून गाडीत चढले. एवढा हुशार माणूस आमच्या हातचा गेला, आणि स्वतःच्या पायांनी गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी ब तुकडी व्हरांड्यात काढली. फरशीच्या सांध्यांत सरांच्या खडूच्या खुणा अजून पुसट दिसत होत्या. पोरांनी हात धरले. हर्षा संशयाने माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बाई, तुमी तर इतिहासाच्या. तुमाला येतं हे?"

"मला नाही येत. सरांना येत होतं," मी म्हटलं. "चल, तू चंद्र हो."