रडली तरी उचलायचं नाही

कासारवाडीच्या त्या चाळीत शालन ओव्हाळला सगळे दगडाच्या काळजाची बाई म्हणायचे. म्हणणाऱ्यांची तरी काय चूक? सव्वादोन वर्षांची पोर दारात पडून भोकाड पसरतेय आणि आई तांदूळ निवडत नुसती बघतेय, हे पाहून कुणाला गप्प बसवेल? पण बाईला नावं ठेवण्याआधी जरा ऐकून घ्या. आपल्याकडे ऐकायच्या आधीच बोलायची भारी हौस.

विशाखा सत्त्याहत्तर साली झाली. दिसायला गोड, पण अंग असं सैल की उचलली की हातातून घरंगळायची. आठ महिन्यांची झाली तरी मान धरेना, तेव्हा भीमराजनं, म्हणजे शालनच्या नवऱ्यानं, दोघींना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डाऊन सिंड्रोम. हा रोग नाही, म्हणून याला औषधही नाही. पोर उशिरा बसेल, उशिरा चालेल, उशिरा बोलेल. पण आत्तापासून मेहनत घेतलीत तर करेल. भीमराज पिंपरीत लेथ मशिनवर काम करणारा दांडगा गडी, दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. शालनला रडू आलंच नाही. दात काढताना सुई देतात आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही ना, तशी ती त्या दिवशी आतून बधिर झाली, आणि ती सुई काही उतरली नाही.

दवाखान्यात व्यायामाच्या एक बाई होत्या. त्यांचं नाव शालनला शेवटपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून दर गुरुवारी भीमराज, ती आणि पोर त्यांच्याकडे जायची. बाई एका पुठ्ठ्यावर पुढच्या तीन महिन्यांत काय काय जमायला हवं ते लिहून द्यायच्या. शालन चौथी शिकलेली. बोट ठेवून ठेवून वाचायची. आधाराशिवाय बसणं. कपानं पाणी पिणं. कागदाचा कपटा फुंकरीनं उडवणं, म्हणजे ओठांत जोर येतो. वरच्या ओठाला गुळाचं बोट लावायचं, म्हणजे पोर जीभ वर नेते. एकेक जमत गेलं, एकेकावर खूण होत गेली. भीमराज हरखून जायचा. शालन खूण करायची आणि भांडी घासायला बसायची.

या खेपेच्या पुठ्ठ्यावर एकच ओळ होती: आधाराशिवाय पाच पावलं. आणि बाईंनी बजावलं होतं, "हिला कडेवर घेऊन फिरू नका. अंग तसंच सैल राहील. जमिनीवर सोडा. पडली तर तिची तिला उठू द्या. रडली तरी उचलायचं नाही."

झालं! चाळीत असलं कुठं चालतं का? तिथं पोर आजारी म्हटलं की ते सगळ्यांचं. या कडेवरून त्या कडेवर, दिवसभर पाय जमिनीला लागायचा नाही. शालननं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, मग ओरडून सांगितलं, आणि मग ती वाईट झाली.

त्यात सासूबाई. सोजराबाई चाकणजवळच्या गावी राहायच्या. जीव लावणारी बाई, वाईट नाही. त्या म्हणाल्या, "पोरीचे हाल बघवत न्हाईत मला. दसऱ्याला मी येते आन् तिला घिऊन जाते. माझ्यापाशी खाटंवर राणीवानी ऱ्हाईल. तुमी दुसऱ्या लेकराचं बघा."

भीमराज आईच्या शब्दाबाहेर नव्हता. "दसऱ्यापर्यंत बघू," तो शालनला म्हणाला. "चालली तर राहील."

शालनला पोर ठेवायची होती का? खरं सांगायचं तर तिचं तिलाच कळत नव्हतं. रात्रंदिवसाचे कष्ट सुटतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, की एकदा त्या खाटेवर बसली की ही पोर जन्मात खाली उतरायची नाही. म्हणून ती सकाळी तासभर आणि दुपारी तासभर, न हसता, न रागावता, पोरीकडून व्यायाम करून घ्यायची; उताणी निजवून आपले अंगठे तिच्या मुठीत द्यायची आणि ते धरून तिला उठायला लावायची.

भीमराजनं पांगुळगाडा आणला, तोही कसा? शेजारच्या युसुफ मेकॅनिकला सांगून चाकांना बॉलबेअरिंगं बसवून! लेथवरचा माणूस तो, त्याला चाक म्हटलं की सरसर फिरणारंच पाहिजे. विशाखानं दांडा धरला मात्र, गाडा सुसाट पुढं गेला आणि पोर तोंडावर आपटली. ओठ फुटला. शालन पाऊलभर अंतरावर उभी होती. जागची हलली नाही. युसुफची बायको नजमा धावत आली आणि तिनं पोरीला छातीशी धरलं.

"अल्लाह! शालन, पोरगी आहे ती, मशीन नाही!"

"भाभी, खाली ठेवा तिला."

"नाही ठेवत जा!"

"दसऱ्याला तिला नेणारेत," शालन म्हणाली. "चालली नाही तर."

नजमानं विशाखाला हळूच खाली उभं केलं, भिंतीला टेकवून. त्या दिवसापासून नजमानंही पोरीला उचलणं सोडलं. पण ती आपल्या उंबऱ्यावर बसून दोन्ही हात पसरायची आणि "आ जा माझी राणी, आ जा" करत राहायची. गाड्यावर दोन विटा ठेवल्या तेव्हा तो सरळ चालायला लागला. पण गाडा सोडून पोर एक पाऊल टाकेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोजराबाई पिशवी घेऊन आल्या. दुपारची वेळ, भीमराजही पाळी संपवून घरी आला होता. विशाखा दोन दारांच्या मधे भिंतीला धरून उभी होती. अलीकडे तीन पावलांवर शालन उकिडवी बसली होती, पलीकडे नजमा, तिच्याहून लांब. "ये विशाखा," शालन म्हणाली. पोरीनं आईकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग भिंत सोडली, तोंड फिरवलं आणि झुलत झुलत नजमाकडे चालत गेली. एक, दोन, पाच, सात पावलं, आणि थेट तिच्या कुशीत.

"चालली की गं बया!" सोजराबाईंनी पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "न्हाई न्हेत गं, न्हाई न्हेत. ऱ्हाऊ दे तिच्या आईपाशी." भीमराज तसाच पेढे आणायला धावला. चाळ गोळा झाली. कुणीतरी शालनच्या पाठीवर थाप मारली, जिंकलीस गं बाई म्हणून.

शालन आत गेली. वर्ष-दीड वर्षानं पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि ते सुख नव्हतं. माझ्याकडे का नाही आली ही? आधी तिला नजमाचा राग आला, मग तोही टिकला नाही. उत्तर तिला माहीत होतं. आईजवळ गेलं की कष्ट, हे पोरीला तिनंच शिकवलं होतं.

सगळे नजमाच्या दारात चहा घेत होते तेव्हा ती बाहेर आली. विशाखा ओव्हाळांच्या दाराशी जमिनीवर बसली होती, तोंडाला पेढा माखलेला. शालन तिच्यापुढं बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. तिला पोरीला नुसतं उचलून घ्यायचं होतं.

विशाखानं त्या हातांकडे पाहिलं. तिचं हसू गेलं. मुकाट्यानं ती फरशीवर उताणी झाली आणि रोज व्यायामाला धरायची तसे तिनं आईचे दोन्ही अंगठे मुठीत घट्ट धरले.

"आज नको गं," शालन म्हणाली. "आज नको."

पोरीनं अंगठे सोडले नाहीत. मान उचलून, दात-ओठ खाऊन ती उठायला लागली.