ओठांवरचं ऐकणं

आत्याला कापडाच्या गिरणीत बावीस वर्षं झाली होती. ती कुणाचीच आत्या नव्हती, पण मुकादमापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. माग धडधडायला लागले की तिथे कानाशी बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बायका आवाजच काढत नसत. नुसते ओठ हलवायचे, समोरचीने ते वाचायचे. सासूच्या कागाळ्या, पोरांची दुखणी, मुकादमाची टिंगल, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत बिनबोभाट चालायचं. आत्या तर चार माग पलीकडचंही अचूक टिपायची.

देह मोठा चिवट हो, जिथे टाकाल तिथे जुळवून घेतो. आत्याचे कान कधीच कामातून गेले होते आणि त्यांचं काम डोळ्यांनी उचललं होतं. इतकं बेमालूम, की लेकीलाही पत्ता नव्हता. तिला वाटे, आई किती मन लावून ऐकते, तोंडावरची नजर हलवत नाही.

मग खोकला मागे लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, छातीत कापसाचे तंतू बसलेत, मागांपासून लांब राहिली नाही तर फार दिवस काढणार नाही. लेकीने मुकादमाच्या विनवण्या केल्या. त्याने आत्याला कापड तपासायच्या खोलीत टाकलं. स्वच्छ हवा, मोठ्या खिडक्या, बसून काम. लेकीला आभाळ ठेंगणं झालं.

तिथे पाच पोरी माना खाली घालून कापड तपासत आणि तशाच बोलत. आत्याला दिसायचे ते फक्त त्यांचे भांग. पहिल्याच दिवशी तिने पाणी मागितलं, तर ओठ हलले, आवाज निघालाच नाही. पोरी फिदीफिदी हसल्या. पुढच्या वेळी ती जोर लावून बोलली, तर एकीच्या हातातली कात्रीच पडली. तिसऱ्या दिवशी मुकादम पाठीमागे येऊन काहीतरी सांगत होता. किती वेळ, देव जाणे. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून वळली.

"आत्या, ऐकू येतं ना तुम्हाला?"

बहिऱ्या माणसाला गिरणीत ठेवायचं नाही, असा नियमच होता. लक्ष नव्हतं, असं सांगून तिने वेळ मारून नेली, पण इथे ते फार दिवस लपणार नव्हतं. संध्याकाळी तिने आपणहून जुना माग मागून घेतला.

लेक चिडली, रडली, मरायचंय का तुला, म्हणाली. ते मात्र आत्याला नीट दिसलं. खरं सांगावं, तर लेक कामच सोडायला लावणार, आणि घर त्या एका पगारावर चाललेलं. अशी कोंडी वैऱ्याचीही होऊ नये.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मागावरच्या वहिनीने, तिच्या बावीस वर्षांच्या सोबतिणीने, ओठांनीच विचारलं, "तिकडची चांगली हवा सोडून परत का आलीस गं?"

आत्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाला तरी एकदा सांगायलाच हवं होतं.

"मला ऐकू येत नाही. अजिबात."

वहिनी जराही चपापली नाही. तुटलेला धागा जोडता जोडता तिचे ओठ हलले, "मला तरी कुठे येतं?"