बिनगचक्याची गाडी

आमच्या साडूभाऊंइतका खड्ड्यांचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा झाला नसेल. मूलपासून आरमोरीपर्यंत कुठे केवढा खड्डा आहे, गेल्या उन्हाळ्यात तो केवढा होता आणि पावसाळ्यानंतर त्याची काय प्रगती झाली, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःची मुलगी सातवीत आहे की आठवीत, असं विचारलं तर मात्र ते गडबडून ताईंकडे बघायचे. ताई म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊ मूलच्या एका राइस मिलमध्ये मशीन सांभाळायचे, मी चंद्रपूरला एका कचेरीत कारकुनी करायचो. महिन्यातून एखादा रविवार आम्ही त्यांच्याकडे जायचो, किंवा ते आमच्याकडे यायचे. आमच्या घरी आले की पाणी पिण्याआधी ते नव्या सोफ्यावर बसायचे, दोनदा वरखाली व्हायचे आणि निकाल द्यायचे, "मांगून कडक हाये." तो सोफा मी हप्त्यावर घेतलेला असल्यामुळे मला हे ऐकून घ्यावं लागे.

जग त्यांना फक्त गचक्यांतून कळायचं. एसटीचा ड्रायव्हर, रस्त्याचा ठेकेदार, नवा जावई, सगळ्यांची पारख एकाच मापाने. एका लग्नात वरात दारात आली, बँड थांबला, ओवाळायला बायका तबक घेऊन उभ्या राहिल्या आणि आमचे साडूभाऊ दिसेनात. शोधलं तर ते नवरदेवाच्या भावाच्या नव्याकोऱ्या मोटरसायकलखाली पोटावर पालथे पडून मागचा शॉकअप, म्हणजे गचके गिळणारी स्प्रिंग, चाचपत होते. इस्त्रीचा सदरा मातीत. "काऊन हो भाऊजी, इथी काय करून राह्यले?" माझ्या बायकोने विचारलं. ते खालूनच म्हणाले, "एकच शॉकअप हाये वो बाई, मधामंधी! केवढं डोकं लावलं पाहा." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो नवरदेवाच्याही नव्हता.

हे वेड मुळात हौसेचं नव्हतं. त्यांच्याकडे लग्नाच्याही आधीची एक जुनी मोटरसायकल होती. धूर भरपूर, आवाज त्याहून भरपूर, आणि पुढचं चाक धरणारा चिमटा असा ताठ की रस्त्यातला खडा थेट दातांत कळावा. दोन हजार सालाच्या सुमारास याच गाडीवरून ते ताईंना माहेरी नेत होते. आमच्या सासूबाईंचं गाव आरमोरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडल्यावर चार कोस जंगलात. वाटेत एका नाल्यावरचा रपटा, म्हणजे फरशीचा बुटका पूल, पुरात अर्धा वाहून गेला होता. गाडी उडाली, ताई मागच्या मागे दगडांवर पडल्या, आणि साडूभाऊ यंदाच्या धानाबद्दल त्यांच्याशी बोलत बोलत तसेच पुढे गेले. बरंच अंतर गेल्यावर ताईंनी एकदाही हुंकार दिला नाही म्हणून त्यांनी मागे पाहिलं. ही गोष्ट आम्ही सगळे हसून सांगायचो, ताईसुद्धा. साडूभाऊ तेवढे हसत नसत.

ताईंच्या कमरेचा मणका सरकला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, काम करा, पण गचके बसता कामा नयेत. म्हणजे डांबरी रस्त्यावर एसटीत पुढे बसून जाता येई, पण बैलगाडी गेली, जीप गेली, आणि त्या चार कोसांत तर गचक्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. सासूबाई पहिली दोन वर्षं दिवाळीला स्वतः आल्या. मग त्यांचे गुडघे गेले. एकीकडे कंबर धरून बसलेली लेक, दुसरीकडे गुडघे धरून बसलेली माय, आणि मधे वैनगंगा आणि ते जंगल. आरमोरीच्या बाजाराला गावचं कुणी आलं की त्याच्या हाती सासूबाई काहीबाही पाठवत. कधी चारोळी, कधी मोहफुलं, उन्हाळ्यात टेंभरं. त्या पिशवीबरोबर निरोप एकच असायचा, "माय इचारून राह्यली, कवा येतं म्हणून." ताई पिशवी घडी करून ठेवत. त्यांच्याकडे अशा पिशव्यांची चळत झाली होती.

मी एकदा म्हणालो, नागपूरहून चांगली मोटार भाड्याने आणू, हळूहळू नेऊ. साडूभाऊ ताडकन म्हणाले, "ज्या गाडीनं पाडलं, त्याच गाडीनं नेईन. पाटावर बसल्यावानी नेईन. नाईतर मी कायचा मेकॅनिक?" आणि त्यांनी जुन्या गाडीला नव्या गाडीचे पाय लावायला घेतले.

हे काम सहा वर्षं चाललं. नागपूरच्या भंगारबाजारातून त्यांनी एका अपघाती नव्या गाडीचा पुढचा चिमटा, मॅगव्हील आणि डिस्क ब्रेक मिळवला आणि चादरीत गुंडाळून एसटीने मूलला आणला. चिमटा जुन्या गाडीच्या मानेत बसेना. सलीमभाईंच्या लेथवर त्याची दांडी तीनदा उतरवून बारीक केली. सलीमभाई म्हणजे मूलमधला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी बोलणारा कारागीर, पण तेही शेवटी बोलले, "भाऊ, म्हाताऱ्याले पोराचे पाय लावून राह्यले तुम्ही. चलेगा, पर म्हातारा पयले शर्मायेगा." चिमटा बसला तर गाडी पुढून उंच आणि मागून उकिडवी झाली. मग मागे एकच मोठा शॉकअप घालायचा ठरला. त्यासाठी मागचा चिमटा बदलला, तर चाक दोन सूत बाजूला गेलं आणि चेन तिरपी झाली. चेन सरळ केली तर स्टँड टेकेना. एक गोष्ट जुळली की दुसरी बिघडायची, आणि प्रत्येक वेळी साडूभाऊ ताईंना सांगायचे, "बस, आता थोडंच राह्यलं."

चाचण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आधी मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा गडू बांधून ते मूलच्या गल्ल्यांतून फिरायचे आणि परत आल्यावर पाणी किती सांडलं ते मोजायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की स्प्रिंग वजनाप्रमाणे कसावी लागते, आणि गडूचं वजन काही बायकोएवढं नसतं. वजन विचारलं तर ताई सांगेनात. तेव्हा त्या मिलमध्ये डबा घेऊन आल्या असताना यांनी त्यांना धानाच्या काट्यावर उभं केलं, "जरा उभी राह्य वो, काटा बरोबर हाये का पाहू दे." काट्याने सत्तावन्न किलो दाखवले. दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवर सत्तावन्न किलोचं तांदळाचं पोतं आलं. पोतं घसरू नये म्हणून त्याला ताईंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं.

त्या पोत्यासकट ते एकदा जंगलातल्या वाटेवर चाचणी घेत होते. वनखात्याच्या नाक्यावर गार्डने अडवलं. "पोत्यात काय हाये?" साडूभाऊंचं सगळं लक्ष मागच्या शॉकअपच्या आवाजात. ते म्हणाले, "बायको हाये." गार्ड दोन पावलं मागे सरला आणि त्याने शिट्टी फुंकली. पोतं सोडून, तांदूळ चटईवर ओतून, खाली तळापर्यंत हात घालून खात्री करून घेईपर्यंत दुपार टळली. तिथून सुटल्यावर त्यांनी घरी येऊन ताईंना ही हकिकत सांगितली नाही, फक्त एवढंच सांगितलं की तांदूळ भरताना दीड किलो कमी भरला गेला, त्यामुळे आजची चाचणी धरायची नाही.

शेवटच्या वर्षी दिवाळीत गाडी तयार झाली. आम्हीही मूलला होतो. खरंच देखणी दिसत होती. टाकी जुनी, दिवा जुना, खाली पाय मात्र तरण्या गाडीचे. ताईंनी नवं लुगडं नेसलं, मायसाठी घेतलेलं पातळ आणि घरचे अनारसे पिशवीत भरले आणि फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. साडूभाऊ म्हणाले, एक शेवटची चक्कर मारून येतो. ते पोतं घेऊन गेले, अर्ध्या तासाने आले आणि गाडीवरून उतरलेच नाहीत. मान खाली. "अजून बारीकसा गचका हाये. पंधरा दिस थांब." मला राग आला होता, माझी बायको तर बोलणारच होती. ताईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, पिशवी घरात नेली आणि अनारसे आम्हालाच वाढले. त्या पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. मग शॉकअपमधलं तेल बदललं, मग स्प्रिंग अर्धा फेरा सैल केली, मग पुन्हा कसली.

माघात एका सकाळी मिलमध्ये आरमोरीहून फोन आला. सासूबाई गेल्या.

मी आणि बायको जीपने निघालो. आरमोरीच्या पुढे त्या चार कोसांत आमची हाडं खिळखिळी झाली, बायको रडत होती ते दुःखाने की गचक्यांनी, हे तिलाही कळत नसावं. नाल्याजवळ पोचलो तर समोर साडूभाऊंची गाडी. रपटा अजून तसाच, अर्धा. गाडी त्यात उतरली आणि पाण्यातून सरळ वर चढली. मागे ताई ताठ बसलेल्या, डोक्यावरचा पदरही हलला नाही. इतकी सुंदर चाललेली गाडी मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

सगळं आटोपून दिवस कलताना घरची माणसं अंगणात बसली होती. शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठलं आलं होतं, कुणी खात नव्हतं. साडूभाऊ कुडाच्या भिंतीला टेकून एकटेच बसले होते. ताई ताट घेऊन त्यांच्यापाशी गेल्या. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"एकबी गचका नाई लागला हो," ताई म्हणाल्या.

सहा वर्षं हा माणूस या एका वाक्यासाठी जगला होता. ते अंगणाबाहेर उभ्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीतबी नसता लागला."

मला वाटलं, आता ताई ताट तिथेच आपटून उठतील. उठायला हवं होतं, असंही मला त्या क्षणी वाटलं. त्या उठल्या नाहीत. ताट त्यांच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मालूम हाये मले. दिवाळीच्या आधीच्या रोजी तुमी मिलमंधी होते तवा मी सलीमभाईले म्हणलं, मले बसवून एक चक्कर मारा. तवाच समजलं मले, गाडी होऊन गेली म्हणून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"गाडी झाली होती. तुमी नोते झाले. तुमी भेऊन राह्यले होते, मी पुन्हा पडीन म्हणून. भेलेल्या माणसाच्या मांगं कशी बसू?"

साडूभाऊंनी ताटातली भाकरी मोडली आणि हातात तशीच धरून ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. ताई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि तोंडातल्या तोंडात मायचं नाव घेत राहिल्या.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती वाट आता डांबरी आहे म्हणतात. मी पुन्हा तिकडे गेलो नाही, जाण्यासारखं तिथे कुणी उरलेलंही नाही. साडूभाऊ आणि ताई अजून महिन्यातून एकदा त्याच गाडीवरून चंद्रपूरला आमच्याकडे येतात. ते खड्ड्यांबद्दल हल्ली बोलत नाहीत. निघताना मात्र ताई गाडीवर बसल्या की ते गाडी सुरू करून तसेच थांबतात, आणि मान मागे वळवून विचारतात, "बसली काय?" ताई म्हणतात, "बसली." फाटकापासून वळणापर्यंत ते हेच तीनदा विचारतात आणि ताई तीनदा उत्तर देतात. एकदाही त्या म्हणाल्या नाहीत, की मघाशीच तर सांगितलं.